गोट्या, पाने आणि हातहत्यारं कशी ठेवावीत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हत्यारांच्या मांडणीबद्दल लोक मला जे विचारतात, त्यातले पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. शब्द शक्यतो विचारणाऱ्यांचेच ठेवलेत. उत्तरं सुटी सुटी वाचली तरी चालतील. एकाचा धागा दुसऱ्यात गुंतलेला असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. सॉकेटला, म्हणजे बोल्टच्या डोक्यावर बसणाऱ्या नळकांड्यासारख्या तुकड्याला, कामावर सगळे गोटीच म्हणतात, म्हणून इथेही गोटीच.

१. सगळं एकाच पेटीत कोंबलंय. सुरुवात कुठून करू?

पेटी गोणपाटावर उपडी करा. कपाट, ट्रॉली, ऑर्गनायझर यातलं आत्ता काहीही विकत घेऊ नका. आधी डबे आणले की डब्यांच्या मापाने हत्यारं लावली जातात आणि सहा महिन्यांत पुन्हा पेटीच होते.

ढीग प्रकारानुसार करू नका, वापरानुसार करा: रोजचं, अधूनमधूनचं, क्वचितचं. कुठलं रोजचं ते सांगता येत नसेल तर सगळं एका क्रेटमध्ये टाका आणि महिनाभर काम करा. जे हत्यार बाहेर निघेल ते क्रेटमध्ये परत जाणार नाही, ओट्यावर किंवा भिंतीवर जाईल. महिन्याअखेर क्रेटमध्ये जे उरेल ते बघून बहुतेकांना थोडी लाजच वाटते.

आणि एक कसोटी. मांडणी बरी की वाईट, हे हत्यार काढताना कळत नाही, परत ठेवताना कळतं. हात तेलकट आहेत, काम संपत आलंय, कंटाळा आलाय. अशा वेळी पाना एका हाताने, फार न बघता आपल्या जागी गेला तर ती मांडणी टिकते. झाकण उघडा, वरचा ट्रे उचला, मग खालच्या खाचेत बसवा, अशी तीन पायऱ्यांची कसरत असेल तर पाना टेबलावरच राहतो. पुढे मी ज्या गोष्टींना नावं ठेवली आहेत, त्या याच कसोटीवर.

२. गोट्या मापाप्रमाणे लावायच्या की ड्राइव्हप्रमाणे?

आधी ड्राइव्ह, म्हणजे गोटी फिरवणाऱ्या दांडीच्या (रॅचेटच्या) चौकोनी टोकाचं माप. रॅचेट हातात असतो तेव्हा त्याच्या चौकावर जे बसत नाही ते डोळ्यांसमोर असून काही उपयोग नाही. पाव इंची, तीन सुती (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) आणि अर्धा इंची अशा तीन वेगळ्या जागा करा, आणि प्रत्येक रॅचेट, एक्स्टेन्शन, युनिव्हर्सल जॉइंट आपापल्या गोट्यांशेजारी ठेवा. सगळे रॅचेट एका खणात आणि सगळ्या गोट्या दुसऱ्या खणात ही मांडणी फोटोत छान दिसते. कामात प्रत्येक वेळी दोन खण उघडावे लागतात.

ड्राइव्हच्या आत मिलिमीटर आणि इंच वेगळे. त्याच्या आत आखूड आणि लांब, पण ही जोडी समोरासमोर हवी: पुढच्या ओळीत आखूड १२, तिच्या बरोब्बर मागे लांब १२. मग पुढची ओळ वाचली की मागची वाचावी लागत नाही. डावीकडून उजवीकडे माप चढतं ठेवा. पुढे ११ ची गोटी नवीन आली तर १० आणि १२ च्या मध्ये जागा लागेल, म्हणून सेटमध्ये नसलेल्या मापाचीही एक रिकामी जागा सोडा.

३. मिलिमीटर आणि इंचाच्या गोट्या एकत्र ठेवल्या तर बिघडतं काय? १९ आणि पाऊण इंच सारखेच आहेत ना?

१९ आणि पाऊण इंच जवळपास सारखे आहेत, हे खरं. इंच म्हणजे २५.४ मिमी, त्यामुळे पाऊण इंच म्हणजे १९.०५. ८ मिमी आणि अडीच सूत (७.९४) हीसुद्धा चालणारी जोडी. घोटाळा बाकीच्यांचा होतो. अर्धा इंच म्हणजे १२.७, त्या डोक्यावर १३ ची गोटी बसते, पण ०.३ मिमी सैल बसते. हलक्या बोल्टला हे खपून जातं, गंजून जाम झालेल्या बोल्टचे कोपरे जातात. साडेचार सूत म्हणजे १४.२९. त्यावर १४ ची जात नाही, मग माणूस १५ ची लावतो, ती ०.७ मिमी सैल असते, आणि पुढचा तासभर व्हाइस ग्रिप (आवळून अडकून राहणारी पक्कड) शोधण्यात जातो.

एकत्र ठेवलेल्या ओळीत हात सवयीने 'शेजारची' गोटी उचलतो. वेगळ्या ठेवल्या की शेजारची गोटी निदान त्याच मापपद्धतीतली असते. इंचाचं काम क्वचितच येत असेल तर तो सेट सरळ खालच्या खणात ठेवा. ओळींना रंग द्यायचा असेल तर प्रश्न ७ पाहा.

४. रेल, खुंट्यांचा ट्रे, चुंबकी पट्टी, फोम... नक्की कशात ठेवू?

क्लिपवाली रेल सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त दिसणारी. उचलून गाडीखाली नेता येते, हा तिचा गुण. दोष दोन. क्लिप नवीन असताना इतकी घट्ट की गोटी दोन्ही हातांनी ओढावी लागते, आणि जुनी झाली की इतकी सैल की रेल तिरकी झाली तर गोट्या ओघळतात. शिवाय क्लिप रेलवर सरकतात, त्यामुळे एक गोटी कमी असली तरी बाकीच्या जवळ येऊन रिकामी जागा झाकून टाकतात. हा दुसरा दोष मला पहिल्यापेक्षा मोठा वाटतो.

चुंबकी पट्टीवर किंवा चुंबकी ट्रेमध्ये ठेवणं सोपं असतं, आणि नेमकं ठेवणं सोपं हवं म्हणून मी बरीच वर्षं तेच वापरत होतो. ग्राइंडर आणि ड्रिलपासून लांब असाल तर आजही वापरा. जवळ असाल तर लोखंडाचा बारीक चुरा त्यावर दाढीसारखा उगवतो, तो गोटीच्या आत जातो, आणि तिथून बोल्टच्या डोक्यावर. गोट्या स्वतःही हळूहळू चुंबकी होतात. बोल्ट धरून ठेवायला ते बरं, पण बेअरिंगच्या आसपास नको.

खुंट्यांचा ट्रे मला सगळ्यात आवडतो, आणि तो घरी होतो. लाकडाची फळी घ्या, भोकं पाडा, गोल दांड्या ठोका. पाव इंची ड्राइव्हच्या गोटीचा चौक ६.३५ मिमी असतो, त्यात ६ ची दांडी अलगद जाते. तीन सुतीचा चौक साडेनऊ, त्याला ९ ची दांडी. अर्धा इंचीचा १२.७, त्याला १२ ची. गोटी चौकाच्या बाजूने खाली बसवायची. दांडीची उंची पाव इंचीला १५ मिमी आणि अर्धा इंचीला २५ मिमी पुरते. याहून उंच केली तर गोटी काढताना मनगट वर न्यावं लागतं आणि आखूड गोटीच्या तोंडातून दांडी डोकावते. दोन गोट्यांच्या मध्ये बोटाचं पेर जाईल एवढी, साधारण १० ते १२ मिमी, फट ठेवा. पहिल्या फळीवर मी ही फट ५ मिमी ठेवली होती. १३ काढायला गेलो की १२ आणि १४ दोन्ही हलायच्या. ती फळी आता दाराला टेकण म्हणून आहे.

फोमचं वेगळं प्रकरण आहे, ते प्रश्न ९ मध्ये.

५. सेटबरोबर आलेली प्लास्टिकची पेटी फेकून देऊ का?

हत्यारं घेऊन बाहेर कामाला जात असाल तर ठेवा. एका जागी काम करत असाल तर गोट्या बाहेर काढा. त्या पेटीत प्रत्येक गोटी एका ठरावीक खाचेतच बसते, पेटी उघडी ठेवायला टेबलाची दुप्पट जागा लागते, आणि बिजागरी म्हणजे प्लास्टिकचीच पातळ घडी, ती कधीतरी फाटतेच. पेटीचं झाकण न लागणं हे बहुतेक वेळा एखादी गोटी उलटी बसल्याचं लक्षण असतं. दाबून लावू नका.

६. १० ची गोटीच नेहमी का हरवते?

कारण तीच सगळ्यात जास्त वेळा बाहेर निघते. एम ६ (६ मिमी जाडीच्या) बोल्टचं डोकं सर्वसाधारणपणे १० मिमीचं असतं, आणि गाड्यांमध्ये एम ६ सगळीकडे: बॅटरीची क्लॅम्प, एअर फिल्टरचं खोकं, प्लास्टिकची कव्हरं, वायरिंगचे ब्रॅकेट. पुन्हा ही गोटी लहान, गोल, आणि काम नेमकं इंजिनच्या वरच्या बाजूला, जिथून पडलेली वस्तू खाली जमिनीपर्यंत पोचत नाही. माझी एक १० ची गोटी इंजिनखालच्या गार्डमध्ये सापडली, तीच गाडी दुसऱ्या कामासाठी परत आली तेव्हा.

मोठ्या बोल्टना असं एकच माप नसतं. एम ८ ला १३ सापडेल, जपानी गाड्यांत १२. एम १० ला कुणाचं १७, कुणाचं १६, जपानी १४. त्यामुळे वापर वाटला जातो. १० च्या वाट्याला सगळा एम ६ येतो.

उपाय म्हणून लोक १० ची गोटी ओळीतून काढून वेगळ्या 'खास' जागी ठेवतात. असं करू नका. ओळीतली जागा कायमची रिकामी राहिली की डोळ्याला रिकाम्या जागेची सवय होते आणि उद्या १४ गेली तरी लक्षात येत नाही. ओळीत एक १० ठेवा, दोन जादा घेऊन खणाच्या मागच्या कोपऱ्यात एका डबीत ठेवा. डबीतली काढली की त्याच दिवशी शोध सुरू करायचा किंवा नवीन आणायची, दोन्हीपैकी एक. आणि बॉनेट लावण्याआधी ओळीवर एक नजर.

७. गोटीवरचे आकडे वाचता येत नाहीत. काय करू?

आकडा खोदलेला असेल तर गोटी थिनरने स्वच्छ पुसा, पांढरा एनॅमल रंग आकड्यांवर बोटाने चोळा, दोनेक मिनिटांनी जाड कागद सपाट धरून वरचा रंग पुसा. खाचेतला रंग राहतो. कापडाने पुसलंत तर कापड खाचेत शिरतं आणि रंग निघून येतो, कागदच हवा. क्रोमच्या चकचकीत गोटीवर पांढऱ्याऐवजी काळा किंवा लाल जास्त उठून दिसतो.

आकडा वरवर छापलेला असेल आणि उडाला असेल तर इलेक्ट्रिक एनग्रेव्हरने लिहा. आकड्यांचे पंच घेऊन हातोडीने ठोकू नका. गोटी कडक केलेल्या पोलादाची असते. ठोकल्या जागी बारीक तडा सुरू होऊ शकतो आणि पंचाचंही टोक जातं.

रंगीत चिकटपट्टी तेलाने सुटते, पट्टीऐवजी रंगाचा एक पट्टा काढलेला बरा. मिलिमीटरला एक रंग, इंचाला दुसरा, एवढंच पुरे. प्रत्येक मापाला वेगळा रंग देणारे लोक मी पाहिले आहेत. दोन महिन्यांनी निळा म्हणजे १२ की १४ हे त्यांनाही आठवत नाही. नंबर गोटीवर जेवढा महत्त्वाचा तेवढाच जागेवर. दांडीच्या पायाशी फळीवर माप लिहा, म्हणजे गोटी नसताना काय नाही ते कळेल.

८. भिंत बरी, खण बरे, की चाकांची ट्रॉली?

रोजचं भिंतीवर, लहान आणि नाजूक ते खणात, आणि काम हत्यारांकडे येत नसेल तर ट्रॉली. तिन्हींचे गुणदोष एकमेकांत मिसळू देऊ नका.

भिंतीवर पेगबोर्ड लावताना बोर्ड भिंतीला चिकटवू नका, मागे १५ ते २० मिमीच्या पट्ट्या द्या, नाहीतर हुकाचं टोक भोकातून मागे वळतच नाही. हुक हत्याराबरोबर निघून हातात येतो ही पेगबोर्डची जुनी खोड आहे. नेहमीचे हुक खाली लहान स्क्रूने किंवा क्लिपने अडकवून टाका. पातळ बोर्डावर मोठा हातोडा, पाइप पाना लटकवू नका. मधे पोट येतं. जड हत्यारांना ४५ अंशांत कापलेल्या लाकडी पट्ट्या चांगल्या: एक पट्टी भिंतीला, तिची उलटी जोडीदार हत्याराच्या फळीमागे, आणि फळी वरून नुसती अडकवायची. वजनानेच ती घट्ट बसते, आणि मांडणी बदलायची तर उचलून दुसरीकडे लावता येते. भिंतीचा तोटा म्हणजे धूळ, आणि दमट भिंत असेल तर प्रश्न १३ मधल्या सगळ्या तक्रारी.

खण उथळ हवेत. खोल खणात हत्यारं एकावर एक चढतात आणि खालचं हत्यार असून नसल्यासारखं. गोट्या उभ्या ठेवायच्या तर मोजून घ्या: अर्धा इंची लांब गोटी साधारण ७५ ते ८० मिमी उंच असते, म्हणून आतून ९० मिमी तरी मोकळी उंची लागते. बहुतेक ट्रॉल्यांचे वरचे खण याहून कमी असतात. तिथे लांब गोट्या आडव्या ठेवा, आकडा वर करून.

ट्रॉलीत जड ते खाली. ही शोभेची सूचना नाही. वरचे दोन खण भरून एकदम बाहेर ओढले की ट्रॉली पुढे कलते, आणि भरलेली ट्रॉली पकडायला जाणं म्हणजे हात गमावणं. एका वेळी एकच खण उघडेल असं कुलूप असलं तर उत्तम, नसेल तर सवय लावा. छातीच्या उंचीच्या खणात रोजच्या गोट्या आणि रॅचेट, त्याखाली रिंग पाने, मग पकडी आणि स्क्रू ड्रायव्हर, तळाला हातोडे, पुलर, सहा सुती ड्राइव्हचा सेट.

९. फोम कापून खाचा करायच्या आहेत. कुठला फोम आणि काय काळजी?

बंद छिद्रांचा पॉलिइथिलीन फोम घ्या. स्पंजसारखा दाबला जाणारा फोम पाणी आणि तेल पितो. एकदा मी गादीचा उरलेला फोम वापरला. पावसाळ्यानंतर रिंग पाने उचलले तर प्रत्येकाच्या पोटाला फोमच्या जाळीची गंजाची नक्षी, आणि फोममध्ये पान्याची तपकिरी सावली.

दोन रंगांचे थर मिळाले तर खालचा भडक रंगाचा घ्या. हत्यार नसलं की तो रंग ओरडून सांगतो. विमानांच्या देखभालीत हत्यारांचे खण असे ठेवतात ते याचसाठी: काम संपल्यावर एक खाच रिकामी असेल तर ती वस्तू विमानात राहिली असं धरून शोध घेतात.

कापायच्या आधी हत्यारं फोमवर नुसती मांडून आठवडाभर काम करा. मांडणी बदलणारच, आणि कापलेला फोम परत सांधता येत नाही. हत्याराची रेषा पातळ पेनाने ओढा, ब्लेड सरळ उभं धरा, खोली हत्याराच्या जाडीच्या निम्म्याहून थोडी जास्त. शेवटी बोट घालायला अर्धगोल खाच. ही खाच विसरली की पाना काढायला दुसरा पाना लागतो.

फोमचा खरा दोष सांगतो. तो आजच्या हत्यारांचा असतो, उद्याच्या नाही. नवीन पक्कड आली की तिला घर नाही. म्हणून खणाचा एक कोपरा न कापलेला सोडा. आणि सेट पूर्ण व्हायच्या आधी गोट्यांसाठी फोम कापूच नका, खुंट्यांचा ट्रे घ्या (प्रश्न ४).

१०. पाने, पकडी, स्क्रू ड्रायव्हर कसे लावू? सगळे गोट्यांबद्दलच बोलतात.

पाने तिरक्या खाचांच्या रॅकमध्ये, आकडा आपल्याकडे. पकडी पाठीवर उभ्या, मुठी वर. आडव्या ठेवल्या की मुठी एकमेकींत अडकतात आणि एक ओढली की तीन येतात. स्क्रू ड्रायव्हरचं टोक खाली गेलं की चपटा कोणता आणि फिलिप्स कोणता दिसत नाही, म्हणून मुठीच्या टोकावर रंगाने आडवी रेघ किंवा फुली काढा. ऍलन की त्यांच्या घडीच्या होल्डरमध्येच बऱ्या.

११. इम्पॅक्ट गोट्या बाकीच्यांबरोबर ठेवल्या तर चालतात का?

नाही, आणि कारण जागेचं नाही, हाताचं आहे. काळ्या इम्पॅक्ट गोट्या (धक्के देत बोल्ट फिरवणाऱ्या इम्पॅक्ट गनच्या) जाड भिंतीच्या आणि धक्के सोसणाऱ्या पोलादाच्या असतात. क्रोमच्या गोट्या हाताच्या रॅचेटसाठी, पातळ आणि जास्त कडक. क्रोमची गोटी इम्पॅक्ट गनवर चढवली तर ती फुटून तुकडे उडू शकतात. दोन्ही एकाच ओळीत असतील तर घाईत १७ म्हणजे १७, असं होतं. इम्पॅक्ट गोट्या गनच्या शेजारीच ठेवा, तिथे क्रोमची एकही नको.

काळ्या गोट्यांवर क्रोम नसल्यामुळे त्या आधी गंजतात. तेलाचं फडकं त्यांच्यावर जास्त वेळा फिरवा. मोठ्या गोट्यांची पिन आणि रबरी रिंग सुटी पडते, ती गोटीवरच चढवून ठेवा, वेगळ्या डबीत ठेवलेली रिंग परत सापडत नाही.

१२. टॉर्क पाना खणात ठेवला तर काय होतं?

वर काही पडलं नाही तर फारसं काही नाही. पण खणात वर काही पडतंच. क्लिक होणारा (ठरवलेला जोर लागला की क्लिक वाजणारा) टॉर्क पाना त्याच्या पेटीत ठेवा, आणि काम झालं की सेटिंग मोजपट्टीवरच्या सगळ्यात कमी आकड्यावर आणा. स्प्रिंग कायम दाबलेली राहिली तर माप हळूहळू सरकतं. त्या आकड्याच्याही खाली मात्र सोडू नका, आतले भाग सैल होऊन जागचे हलू शकतात. काटा वाकून दाखवणाऱ्या जुन्या बीम प्रकाराला हे काही लागत नाही, फक्त काटा वाकणार नाही असा लटकवा.

नट सोडवायला तो वापरू नका, आणि उंचावरून पडला तर तपासून घेतल्याशिवाय विश्वास ठेवू नका. ही हत्यारं तपासण्याचं आयएसओ ६७८९ हे मानक आहे. वेगळा नियम ठरवलेला नसेल तर १२ महिने किंवा ५,००० वेळा वापर, यातलं आधी येईल तेव्हा तपासणी, असा त्यातला हिशेब.

१३. पावसाळ्यात सगळ्याला गंज येतो. सिलिका जेल टाकलं तरी!

सिलिका जेल बंद डब्यात काम करतं. खण दिवसातून वीस वेळा उघडत असाल तर ते खोलीतली हवा सुकवत बसतं आणि दोन दिवसांत भरतं. घट्ट झाकणाच्या पेटीत टाका, आणि रंग बदलला की ओव्हनमध्ये मंद आचेवर सुकवून परत वापरा.

हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की गंजाचा वेग वाढतो. पण निव्वळ दमटपणापेक्षा दव जास्त घात करतं: रात्रभर थंड झालेलं लोखंड, आणि सकाळी शटर वर केल्याबरोबर आत आलेली उबदार ओली हवा. पाणी थेट पान्यावर धरतं. म्हणून अशा दिवसांत सकाळी शटर उघडून लगेच खण उघडू नका. बाहेरच्या भिंतीला टेकवलेलं कपाट चार बोटं पुढे ओढा.

घामाचं मीठ हे दुसरं कारण. एखाद्याच्या हाताचा ठसा पान्यावर तपकिरी उमटतो तो त्याने. दिवसाअखेर हलक्या मशीन ऑइलने ओलसर केलेलं फडकं एकदा फिरवायचं. तेल टपकायला नको, नुसता हात बुळबुळीत लागला पाहिजे. पाणी हटवणारे स्प्रे ओलं हत्यार सुकवायला छान. डब्ल्यूडी-४० च्या नावातली अक्षरंसुद्धा 'पाणी हटवणं' याच अर्थाची आहेत. पण त्याचा थर पातळ असतो, महिनोन्‌महिने ठेवायच्या हत्याराला तेल किंवा ग्रीसच हवं.

तिसरं कारण कुणाच्या ध्यानीमनी नसतं. फरशी धुवायचं हायड्रोक्लोरिक ऍसिड त्याच कपाटात आहे का बघा. बूच घट्ट असलं तरी वाफ निघते. माझ्या एका कपाटातल्या नव्या कानशी तीन आठवड्यांत तांबूस झाल्या. मी भिंतीला दोष देत होतो, बाटली तळाला जुन्या फडक्यांमागे होती. बॅटरी चार्ज करायची जागाही हत्यारांपासून लांब हवी. ओक लाकडाचे खण दिसायला सुंदर, पण त्यातून ऍसिटिक ऍसिडची वाफ सुटते. बंद खणात उघडं पोलाद ठेवू नका.

१४. कानशी, पटाशी, करवती एकत्र ठेवल्या तर?

कानशीचे दात दुसऱ्या कानशीवर घासले की बोथट होतात. एकेक वेगळ्या खाचेत, आणि त्यांना तेल लावू नका, घसरतात. पटाशीला टोपी किंवा वेगळी खाच, धार भिंतीकडे. करवतीच्या दातांवर चिरलेली पाइपची नळी बसवा.

१५. व्हर्नियर आणि मायक्रोमीटर कुठे?

स्वतःच्या पेटीत, सगळ्यात वरच्या खणात, चुंबकापासून दूर. मायक्रोमीटर मिटवून ठेवू नका, दोन्ही तोंडांत थोडी फट सोडा. पूर्ण मिटवलेला असेल तर तापमान बदललं की धातू फुगून तोंडावर ताण येतो, आणि चिकटलेल्या दोन तोंडांत ओलही अडकते. व्हर्नियरचंही तसंच. डिजिटल व्हर्नियर क्वचित लागत असेल तर सेल काढून ठेवा. गुण्या भिंतीवर एकटा लटकवा, हातोड्याच्या खाली नको.

१६. विजेच्या कामाची लाल मुठीची पक्कड इतर पकडींबरोबर ठेवली तर?

आधी ती खरोखर इन्सुलेटेड आहे का ते बघा. मुठीवर रबराचा लाल थर असणं म्हणजे इन्सुलेशन नव्हे, तो हात न घसरण्यापुरता असतो. आयईसी ६०९०० या मानकाच्या हत्यारावर दोन त्रिकोणांची खूण आणि १००० व्होल्ट असा छाप असतो.

असं हत्यार वेगळ्या पिशवीत किंवा वेगळ्या खणात. करवत, पटाशी, पत्र्याची कड यांच्याशी घासून थराला चीर पडली की ते चालू वायरवर वापरायच्या लायकीचं राहत नाही, आणि चीर मुठीच्या वळणात सहसा दिसत नाही. ऊन आणि हीटरपासून लांब. थराला चीर दिसली तर चिकटपट्टी गुंडाळून 'दुरुस्त' करू नका.

१७. एकटा असताना सगळं जागेवर असतं. चौघं काम करायला लागलो की आठवड्यात बोऱ्या वाजतो.

कारण तुमची मांडणी तुमच्या डोक्यात आहे. ती भिंतीवर उतरवा. प्रत्येक हत्यारामागे त्याची आकृती रंगवा, खाली नाव लिहा. मग नवीन पोऱ्यालाही विचारावं लागत नाही.

उचलणाऱ्याच्या नावाचे पत्र्याचे बिल्ले करा, प्रत्येकाला पाच. हत्यार काढलं की हुकावर बिल्ला. सहावं हत्यार हवं असेल तर पहिलं परत आणावं लागतं. बिल्ला भांडणही मिटवतो, कारण 'मी नाही नेला' याला उत्तर भिंतीवर लटकत असतं. एका ठिकाणी मी वही ठेवलेली पाहिली आहे, हत्यार नेताना नोंद आणि आणताना सही. तेलकट हाताने वहीत कुणी लिहीत नाही. पहिलं पान भरलेलं होतं, दुसरं कोरं.

कारखान्यांत ५ एस म्हणून जी जपानी पद्धत शिकवतात, तिची पहिली पायरी नको ते वेगळं काढायची आहे आणि दुसरी प्रत्येक वस्तूला जागा द्यायची. बहुतेक जण थेट दुसरीवर उडी मारतात आणि भंगाराला सुरेख जागा देऊन मोकळे होतात. सुट्टी व्हायच्या पाच मिनिटं आधी सगळ्यांनी भिंतीकडे बघायचं, हात धुवायच्या आधी. हात धुतल्यावर पान्याला कुणी हात लावत नाही.

१८. फुटलेल्या, घासलेल्या गोट्यांचं काय करू? वॉरंटी आहे.

तडा दिसला की त्याच क्षणी ओळीतून बाहेर. वॉरंटीवर बदलायची असेल तर लाल डब्यात पावतीसह ठेवा, पण डबा रॅचेटपासून लांब हवा. क्रोमचे पापुद्रे सुटलेली गोटीही काढा; ते पापुद्रे ब्लेडसारखे लागतात. बारा कोनी गोटीचे कोपरे गोल झाले असतील तर ती आणखी बोल्ट खराब करेल. 'कधीतरी कामाला येईल' म्हणून ओळीत ठेवायची असेल तर आधी प्रश्न ३ मधला गोल झालेला बोल्ट आठवा.

१९. एका कामासाठी पाना तापवून वाकवला, एक गोटी घासून पातळ केली. ती कुठे ठेवू?

हा प्रश्न कमी लोक विचारतात, पण बरीच वर्षं काम केलेलेच विचारतात. वाकवलेला पाना ओळीत ठेवला की कुणीतरी तो साधा १४ समजून उचलतो आणि जोर लावतो. तापवल्यामुळे त्याचा कडकपणा गेलेला असतो, तोंड उघडतं. घासलेल्या गोटीची भिंत पातळ असते, ती अर्धा इंची रॅचेटखाली चिरते.

म्हणून अशा हत्यारांचा स्वतंत्र खण हवा, आणि त्यात मापाप्रमाणे नव्हे, कामाप्रमाणे लावायचं. प्रत्येकाला तारेने पत्र्याचा तुकडा बांधा आणि त्यावर खिळ्याने कोरा, कुठल्या गाडीचा, कुठला बोल्ट. मी सुरुवातीला नुसतं 'स्टार्टर' लिहून ठेवलं होतं. खणात असे तीन वाकडे १३ चे पाने आहेत, तिन्हींवर 'स्टार्टर', आणि प्रत्येक वेळी तिन्ही घालून बघावे लागतात.